शालेय साहित्याची यादी आणि आपण पालक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त जबलपूर येथे भरलेल्या पालक-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात येथे बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल प्रथम मी आपला ऋणी आहे. या व्यासपीठावरून वर्षभरात संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली. माझा तसा कोणत्याच विषयात अधिकार नाही. कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "शाळेकडून येणारी सामानाची यादी." ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. वाणसामानाच्या यादीवर जसे कोणी व्याख्यान देत नाही, तसे वह्या-पेन्सिलींच्या यादीवर तरी कोणी कशाला द्यावे, असा त्यांच्या मनात प्रश्न आला असावा. परंतु मी हिशेबखात्यातला माणूस आहे. दुसऱ्यांनी केलेल्या याद्या तपासणे, त्यांतील प्रत्येक ओळीस 'हे कशासाठी?' असे विचारणे, हाच गेली तीस वर्षे माझा व्यवसाय. असे असूनही ज्या यादीपुढे मी वारंवार हरलो ती कचेरीतली नव्हती; ती माझ्या मुलांच्या शाळेतली होती. म्हणून या विषयात विद्वत्ता नसली तरी अनुभव आहे, एवढ्याच बळावर मी उभा आहे.

येत्या १ एप्रिलपासून आपल्यापैकी बहुतेकांच्या मुलांच्या शाळांचे नवे सत्र सुरू होईल. मार्च संपतासंपता निकालपत्राबरोबर एक छापील कागद हाती येईल. त्यावर तीस, चाळीस, कधी पन्नास ओळी असतील. पुढचे आठ दिवस बडा फुहारा आणि गोरखपूरच्या बाजारातील दुकानांत आपणच एकमेकांना भेटू. हातात तोच कागद आणि मुद्रेवर तोच गोंधळ घेऊन.

मला माझ्या पहिल्या यादीची आठवण येते. मी वर्ध्याला शाळेत होतो. काळ १९७७-७८ च्या सुमाराचा. उन्हाळा संपून शाळा सुरू झाली की गुरुजी फळ्यावर यादी लिहीत आणि ती आम्ही आमच्याच हाताने उतरवून घेत असू. पाटी, उजळणी, एक दुरेघी वही, एक चौकटीची वही, पेन्सिल. यापलीकडे ती फारशी जात नसे. पुस्तके 'बालभारती'ची. ही संस्था १९६७ साली पुण्यास स्थापन झाली आणि तिच्यामुळे राज्यभर पुस्तके एकसारखी झाली. याचा एक फायदा आम्हा मुलांना कोणी न सांगता कळला होता. वरच्या वर्गात गेलेल्या मुलाकडून निम्म्या किमतीत पुस्तके घ्यावयाची, त्यांना जुन्या वर्तमानपत्राचे वेष्टन घालावयाचे, आणि वर्ष संपले की ती खालच्या वर्गातल्या मुलास द्यावयाची, असा व्यवहार आळीआळीत चाले. यादी लहान होती, म्हणून ती सगळ्यांना समजत होती. आणि ती स्थिर होती, म्हणून गरिबासही परवडत होती. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या शाळेत ना प्रयोगशाळा होती ना रंगपेटी. आजच्या मुलांना अधिक शिकावयाचे आहे, अधिक साहित्यही लागणारच. माझी तक्रार यादी मोठी झाली याबद्दल नाही. ती आपणांस कळेनाशी झाली आहे, याबद्दल आहे.

केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्या अटळ. त्यामुळे मला निरनिराळ्या प्रांतांतील याद्या वाचण्याचा योग आला. कन्येची पहिलीची यादी कलकत्त्यास हाती पडली. दुकानदार म्हणाला, "चारटे खाता लागबे." मी हिशेबखात्यातला, 'खाते' म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे जमा-नावे उभे राहते. सहा वर्षांच्या मुलीस चार खाती कशाला, या विचारात मी पडलो. बंगालीत 'खाता' म्हणजे वही, हे कळल्यावर दुकानातील मंडळी हसली आणि मीही हसलो. इकडे मध्यप्रदेशात आलो तर तीच वही 'कॉपी' झाली आणि जाड पुठ्ठ्याची लांब वही 'रजिस्टर' झाली. कचेरीत रजिस्टर म्हणजे आवक-जावक नोंदवही, आणि येथे पाचवीतला मुलगा 'दो रजिस्टर' मागतो! पानांचा घोटाळा तर विचारूच नका. 'पान' या आपल्या शब्दाने दोन्ही अंगे मिळून एक पानही समजते आणि एक पृष्ठही समजते. यादीत दोनशे लिहिले असेल तर ती पृष्ठे की पाने, म्हणजे वही शंभर कागदांची की दोनशे, हा प्रश्न मी दुकानात उभा राहून स्वतःला कितीतरी वेळा विचारला आहे. वह्यांच्या बाबतीत ही संख्या बहुधा पृष्ठांची असते, एवढे आता ठाऊक झाले आहे.

हे सारे हसण्यावारी नेण्यासारखे आहे. परंतु एक प्रसंग असा घडला की तो मी अद्याप हसण्यावारी नेऊ शकलेलो नाही.

आम्ही हैदराबादेस होतो. मुलगी तिसरीत. यादीत एक ओळ होती : ए-३ आकाराची चित्रवही. दुकानात दोन चित्रवह्या समोर आल्या, एक ए-३ आणि एक ए-४. दुकानात गर्दी होती, दुकानदार घाईत होता. मोठा आकडा म्हणजे मोठी वही, अशी माझी समजूत. कन्येस चित्रे काढण्याची हौस, तेव्हा एक आकडा मोठाच घेतलेला बरा, असे म्हणून मी ए-४ घेतली. वस्तुतः या मापांत आकडा वाढला की कागद लहान होतो. ए-३ चा कागद मधोमध दुमडला की ए-४ होतो, ए-४ दुमडला की ए-५. ही गोष्ट कचेरीत रोज ए-४ कागदावर टिपणे लिहिणाऱ्या मला ठाऊक नव्हती.

दीड महिन्याने पालकसभा झाली. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "आपली मुलगी हुशार आहे, पण फार विसराळू. चित्रवही आणावयास रोज विसरते. चित्रकलेच्या तासाला नुसती बसून असते." घरी आल्यावर मी तिला विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, वही लहान निघाली. तुम्ही चुकलात असं मी बाईंना सांगितलं नाही. मी विसरले म्हणून सांगितलं."

आठ वर्षांच्या मुलीने बापाची अब्रू राखण्यासाठी दीड महिना स्वतःकडे विसराळूपणा घेतला होता. चित्रवहीची किंमत चाळीस-पन्नास रुपये. त्या यादीतील एक ओळ मला कळली नव्हती आणि ती विचारण्याचा मला संकोच वाटला होता, एवढेच. त्या संकोचाची किंमत मात्र मी दिली नाही, तिने दिली. तेव्हापासून मी या याद्यांकडे क्षुल्लक बाब म्हणून पाहणे सोडले.

यादी समजत नाही तेव्हा आपण गप्प का बसतो? याचे उत्तर मला पुढे अनेक वर्षांनी, येथे जबलपुरात मिळाले. २०१९ च्या मार्च महिन्यात आमच्या कचेरीतील एक सहकारी माझ्या टेबलापाशी आले. पूर्वी आपण ज्यांना चतुर्थ श्रेणी कर्मचारी म्हणत असू, त्यांपैकी ते. कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतून आठ हजार रुपये कर्ज घ्यावयाचे होते, त्यावर जामीनदार म्हणून माझी सही हवी होती. कारण विचारले तेव्हा त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. मुलीच्या शाळेची यादी. एकूण ४६ ओळी, सगळ्या इंग्रजीत. मी म्हणालो, "शाळेत विचारलंत का, यातलं लगेच काय लागतं ते?" ते म्हणाले, "साहब, पूछेंगे तो समझेंगे कि बाप पढ़ा-लिखा नहीं है."

मी बी. ए. झालेला माणूस. मला त्या क्षणी हैदराबादचे दुकान आठवले. मी तरी दुसऱ्या कोणत्या कारणाने गप्प राहिलो होतो? अडाणी ठरण्याची भीती पदवीने जात नाही. उलट ती वाढते, कारण गमावण्यासारखे अधिक असते.

मधल्या सुट्टीत आम्ही दोघे ती यादी घेऊन बसलो. हिशेबखात्याची सवय म्हणून मी समासात खुणा करीत गेलो. ४६ पैकी १९ वस्तू गेल्या वर्षीच्या घरात होत्या : कंपासपेटी, पट्टी, कात्री, निम्मी उरलेली रंगपेटी, चांगल्या स्थितीतले दप्तर. १५ वस्तू पहिल्याच आठवड्यात लागणाऱ्या. ९ अशा की त्या जुलैनंतर किंवा एखाद्या प्रकल्पाच्या वेळी लागतील. आणि ३ ओळी अशा की त्यांचा अर्थ आम्हा दोघांनाही लागला नाही. त्या तीन ओळी एका कोऱ्या कागदावर लिहून, खाली 'कृपया खुलासा व्हावा' अशी नम्र विनंती करून, ती चिठ्ठी मुलीच्या वर्गशिक्षिकेकडे पाठविली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले. एका ओळीपुढे खुलासा होता : एक पृष्ठ रेघांचे व एक कोरे अशी विज्ञानाची वही. उरलेल्या दोन ओळी शिक्षिकेने स्वतःच खोडल्या होत्या आणि बाजूला लिहिले होते : आवश्यक नहीं, पुरानी सूची से आ गया है।

सहकाऱ्यांनी अर्ज मागे घेतला नाही. परंतु आठ हजारांचे तीन हजार केले. मी सही केली.

बंधुभगिनींनो, 'पुरानी सूची से आ गया है' हे पाच-सहा शब्द मला एखाद्या चौकशी समितीच्या अहवालाहून अधिक मोलाचे वाटतात. आपण समजतो की ही यादी कोणीतरी पूर्ण विचार करून बनविलेली असते, आणि म्हणून ती आपणांस कळत नसेल तर उणेपणा आपला. तसे नसते. एका वर्षी चित्रकलेचे शिक्षक एक ओळ घालतात, दुसऱ्या वर्षी विज्ञानाच्या बाई दोन घालतात, तिसऱ्या वर्षी संगणकासाठी एक वही येते. ओळ घालणारे पुष्कळ असतात. काढणारा कोणी नसतो. सरकारी नमुन्यांची हीच कथा आहे. आमच्या खात्यातील एका विवरणपत्रात एक रकाना वर्षानुवर्षे भरला जात होता. तो कोणासाठी, असे मी शोधू लागलो तेव्हा तो मागणारी शाखाच केव्हा बंद झाली होती असे आढळले. तात्पर्य, यादी बहुधा कोणी वाईट हेतूने लिहिलेली नसते. ती एकदा लिहिल्यावर पुन्हा कोणी वाचून पाहिलेली नसते, एवढेच. मग ती वाचण्याचे काम आपण का करू नये?

ते कसे करावे, याविषयी आता थोडे व्यावहारिक बोलतो.

प्रथम, यादी घेऊन थेट दुकानात जाऊ नये. घरातल्या कपाटापाशी जावे. मला हा धडा पावत्यांनी शिकविला. केंद्रीय कर्मचाऱ्यांना २००८ पासून मुलांच्या शिक्षणखर्चाची जी प्रतिपूर्ती मिळू लागली, तिच्यासाठी पुस्तके, वह्या, गणवेश यांच्या मूळ पावत्या जोडाव्या लागत. २०१७ च्या आदेशानंतर शाळाप्रमुखाचा दाखला पुरेसा ठरला. मधल्या वर्षांतल्या पावत्यांच्या प्रती मी जपून ठेवल्या होत्या. एकदा त्या सहज चाळल्या तेव्हा दिसले की दोन मुलांसाठी मिळून मी सात कंपासपेट्या विकत घेतल्या होत्या. यादीत ओळ आहे म्हणून घेतली, याखेरीज दुसरे कारण नव्हते. कर्कटक आणि गुण्या दर वर्षी झिजत नाहीत.

दुसरे, प्रत्येक ओळीस तीन प्रश्न विचारावेत. हे कशासाठी? हे केव्हा लागेल? आणि पहिल्या दिवशी हे नसले तर मुलाचे काय अडेल? या तीन प्रश्नांनी यादीचे आपोआप चार भाग पडतात : घरात आहे ते, आज घ्यावयाचे ते, पुढे घ्यावयाचे ते, आणि विचारावयाचे ते. चौथा भाग सर्वांत महत्त्वाचा. आणि तोच आपण लाजेपोटी टाळतो.

तिसरे, मापे आणि जाती ओळखण्यास शिकावे. कागदाचे सांगितलेच. पेन्सिलीवर 'एच' म्हणजे कठीण शिसे व फिकट रेघ, 'बी' म्हणजे मऊ शिसे व काळी रेघ, 'एच.बी.' मधली, लिहिण्यासाठी, आणि 'टू-बी' किंवा त्यापुढची चित्रकलेसाठी. दोन्ही लिहिल्या असतील तर त्या दोन्ही लागतात. एकीऐवजी दुसरी चालत नाही. मेणाचे खडू आणि तैलखडू हे एक नव्हेत. तैलखडू मऊ असतात, बोटाने पसरविता येतात. लहान मुलास नुसते रंगविण्यास मेणाचे खडू पुरेत. जलरंग पारदर्शक, पोस्टर रंग अपारदर्शक. शिक्षकांनी जे शिकवावयाचे ठरविले असेल त्याप्रमाणे ते घ्यावेत. 'चार रेघी' वही इंग्रजी अक्षरांसाठी, दुरेघी देवनागरीसाठी, चौकटीची गणितासाठी. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांना ही बाराखडी वाटेल. परंतु ज्याने ए-३ आणि ए-४ मध्ये चूक केली आहे, त्याला बाराखडी सांगण्याचा संकोच उरत नाही.

चौथे, जुनी पुस्तके घ्यावीत, पण सध्या डोळसपणे घ्यावीत. एन.सी.ई.आर.टी.ने नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके क्रमाक्रमाने आणली आहेत : पहिली-दुसरीची २०२३ मध्ये, तिसरी व सहावीची २०२४ मध्ये, चौथी, पाचवी, सातवी व आठवीची २०२५ मध्ये. हिंदीची 'रिमझिम' आणि 'वसंत' जाऊन 'सारंगी', 'वीणा', 'मल्हार' ही नवी नावे आली. तेव्हा थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्यास चालेलच, असे आज म्हणता येत नाही. पुस्तकाचे नाव आणि छपाईचे वर्ष पाहूनच ते घ्यावे. हा बदल एकदा स्थिरावला की आमच्या वर्ध्यातील तो अर्ध्या किमतीचा व्यवहार पुन्हा सुरू होण्यास हरकत नाही. खाजगी प्रकाशनांची पुस्तके मात्र दर वर्षी बदलत राहिली तर तो कधीच सुरू होणार नाही.

येथे नियमांचाही उल्लेख करणे अवश्य आहे, कारण नियम आपल्या बाजूचे आहेत आणि आपणच ते वाचलेले नसतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या २०१८ च्या संलग्नता-उपविधींनुसार शाळेने लावलेल्या पुस्तकांची यादी संकेतस्थळावर द्यावयाची असते. आणि ती पुस्तके आपण पाहिली आहेत असे व्यवस्थापक व मुख्याध्यापक यांचे सहीनिशी निवेदन तिच्यासोबत असावे लागते. अमुकच दुकानातून सामान घ्या, अशी सक्ती खाजगी शाळांना करता येत नाही. मध्यप्रदेशात यासाठी २०१७ चा अधिनियम आणि २०२० चे नियम आहेत. २०२४ साली आपल्याच शहरात जिल्हा प्रशासनाने या प्रश्नावर काही शाळा व पुस्तकविक्रेते यांच्याविरुद्ध जी कारवाई केली, ती आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचली आहे. तिच्या न्यायालयीन बाजूविषयी मी बोलणार नाही. तो माझा प्रांत नव्हे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये प्रशासनाने येथे पुस्तकमेळाही भरविला होता. मला तो मार्ग अधिक आवडला, कारण तेथे पालक एकमेकांच्या याद्या पाहत होते.

ओझ्याचेही एक माप आहे. १९८९ मध्ये राज्यसभेत आर. के. नारायण यांनी मुलांच्या दप्तरांच्या ओझ्याविषयी भाषण केले आणि १९९३ मध्ये प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने आपला अहवाल दिला. पुढे २०२० च्या दप्तर-धोरणाने असे सांगितले की दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे. म्हणजे पहिली-दुसरीत साधारण १.६ ते २.२ किलोग्रॅम, नववी-दहावीत २.५ ते ४.५ किलोग्रॅम. त्याच धोरणानुसार पहिली-दुसरीसाठी वर्गपाठाची एकच वही पुरेशी आहे. आपल्या घरी येणाऱ्या पहिलीच्या यादीत किती वह्या आहेत, ते या एप्रिलात मोजून पाहावे. आणि घरातल्या तराजूवर ते दप्तर एकदा ठेवावे. तेवढ्याने वाद न घालता शिक्षकांशी बोलण्यास विषय मिळतो.

वाद न घालता, हे मी मुद्दाम म्हणतो. शिक्षक आपले प्रतिपक्षी नाहीत. चाळीस मुलांच्या वर्गात दहा मुलांकडे रंग नसले तर तास कसा चालवावयाचा, हा त्यांचा खरा प्रश्न आहे. म्हणून ते सगळे पहिल्याच दिवशी मागतात. आपण विनयाने विचारले तर बहुतेक शिक्षक उत्तर देतात. माझ्या सहकाऱ्यांच्या चिठ्ठीला एका दिवसात आले, तसे.

एक गोष्ट थोडी कटू आहे, पण ती आपल्यासारख्यांनाच सांगावयास हवी. आपल्यापैकी पुष्कळजण यादीतील सर्व वस्तू, न समजता, न विचारता, पहिल्याच दिवशी घेऊन टाकतात. आपणांस ते परवडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरील वस्तू व सेवा कर शून्य झाला, त्यामुळे थोडे अधिकच परवडेल. परंतु वर्गातील तीस मुलांकडे सर्व काही आहे, म्हणून उरलेली दहा मुले उठून दिसतात. आपण प्रश्न विचारत नाही, म्हणून यादीतील निरर्थक ओळ तशीच पुढच्या वर्षी छापली जाते, आणि तिच्यासाठी दुसरा कोणी पतसंस्थेत कर्जाचा अर्ज करतो. ज्याला परवडते त्याने विचारावयाचे असते. कारण त्याने विचारले तर त्याला कोणी गरीब किंवा अडाणी म्हणणार नाही. माझ्या मते सुशिक्षित पालकाचे हे कर्तव्यच आहे.

आता मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवून आटोपते घेतो. दर वर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी मंडळाच्या सभागृहात दोन टेबले मांडावीत. एका टेबलावर पालकांनी आपापल्या शाळांच्या याद्या आणाव्यात आणि त्या एकत्र बसून वाचाव्यात. ज्या ओळी कळणार नाहीत त्या लिहून शाळेस मंडळाच्या नव्हे, पालकांच्याच सहीने विचाराव्यात. दुसऱ्या टेबलावर घरात पडून असलेल्या कंपासपेट्या, गणवेश, चालू असलेली पुस्तके ठेवावीत. ज्याला हवे त्याने न्यावे, कोणी कोणाची नोंद ठेवू नये. मराठी-अमराठी असा भेद तेथे नसावा. माझ्या सात कंपासपेट्यांपैकी पाच मी पहिल्या वर्षी आणून ठेवीन.

आणि जाता जाता एक ओळ मी आपल्या याद्यांत घालू इच्छितो. एवढा वेळ मी ओळी काढावयास सांगितल्या. एक घालण्याची मुभा असावी. बृहन्महाराष्ट्रात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या यादीत इंग्रजी असते, हिंदी असते, संस्कृत असते. मराठी नसते, आणि ती शाळेने घालावी अशी अपेक्षाही करता येत नाही. त्या यादीच्या तळाशी आपण आपल्या हाताने लिहावे : मराठीचे एक पुस्तक आणि एक दुरेघी वही. 'बालभारती'ची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. या ओळीस मात्र 'हे कशासाठी?' असे विचारण्याची आवश्यकता नाही.

माझी मुलगी आता मोठी झाली आहे, नोकरी करते. मध्यंतरी घरी आली असता तिला या व्याख्यानाविषयी सांगितले. चित्रवहीची गोष्ट सांगू का, असे विचारले. ती म्हणाली, "सांगा बाबा. पण आकडा कोणता मोठा, ते आधी नीट सांगा. सभेत कोणीतरी असेलच, ज्याला अजून ठाऊक नसेल." म्हणून पुन्हा एकदा सांगतो : ए-३ मोठा, ए-४ लहान. आणि विचारावयास लाजू नका.